न्याहारीनंतरचं काम
अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बाप्टिस्ट चर्चचा पुरुष मेळावा अनेकदा शनिवारी सकाळी न्याहारीला भरतो. अंडी, सॉसेज, कॉफी. मग प्रार्थना आणि बायबलवर बोलणं. मेळाव्याची आखणी करताना भाषण छोटं ठेवावं आणि नव्या माणसाला थेट स्वयंपाकघरात कामाला घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. हात कामात असले की पुरुष मोकळे बोलतात. आणि अशा कामातून सेवाही सुरू होते: १९६७मध्ये ब्यूला चक्रीवादळानंतर टेक्सासच्या बाप्टिस्ट पुरुषांनी पत्र्याच्या डब्यांच्या छोट्या चुलींवर आपद्ग्रस्तांसाठी गरम जेवण रांधलं; त्यातूनच त्यांचं मोठं मदतकार्य उभं राहिलं. म्हणून पुढचं काम मेळाव्यातच ठरायला हवं: एखाद्या विधवेचं गळकं छप्पर, आजाऱ्याचं अंगण. तारीख, माणसं तिथेच नक्की करावीत. आणि हो, गाडी चालवता न येणाऱ्या वृद्धांना घरून कोण आणणार, हे मेळाव्याआधीच ठरवावं.