बळी, अर्पण आणि दान : प्राचीन इस्रायली उपासनेचा एक विचार

(हिंगणा येथे वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. बुद्धविहारात यहुदी लोकांच्या यज्ञाची चर्चा कशाला? त्याचे कारण आपल्या वस्तीतच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथून जवळच, नागपुरात, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही पोर आजारी पडले, नोकरीची ऑर्डर अडली की आपल्यापैकी एखाद्या घरी जुना नवस निघतो आणि बकरा आणला जातो. आपण बोलायला गेलो तर उत्तर तयार असते : "सगळ्याच धर्मांत बळी होता. ख्रिश्चनांच्या बायबलातही आहे. मग आम्हालाच का सांगता?" हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. होता, हे खरेच आहे. पण कसा होता, कशासाठी होता आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहिले पाहिजे.

बायबलच्या जुन्या करारात 'लेवीय' नावाचे पुस्तक आहे. त्याचे पहिले सात अध्याय अर्पणांच्या नियमांचे आहेत. अर्पणासाठी हिब्रू शब्द आहे 'कोरबान'. आपण मराठीत 'कुर्बानी' म्हणतो तो शब्द अरबीतून आला, आणि दोन्हींचे मूळ एकच : जवळ येणे. म्हणजे देवाला काही चारणे हा त्या शब्दाचा अर्थ नव्हे, तर जवळ जाण्यासाठी काहीतरी घेऊन जाणे हा आहे.

अर्पणे मुख्यतः पाच प्रकारची होती. होमार्पणात जनावराचे मांस सगळे वेदीवर जाळीत, खाण्यासाठी माणसाच्या वाट्याला काही येत नसे. अन्नार्पण म्हणजे पीठ, तेल आणि धूप. त्यात मीठ हवेच, खमीर आणि मध चालत नसे. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाई, ठरलेला भाग याजकाला मिळे आणि बाकीचे मांस अर्पण करणारा आपल्या लोकांसह खाई. आभारासाठी केलेल्या अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत उरवायचे नाही, असा नियम होता. आता एका घराला एक अख्खे जनावर एका दिवसात कसे संपणार? शेजारीपाजारी बोलवावेच लागत असणार. या नियमाचा सामाजिक अर्थ मला तरी हाच दिसतो.

उरलेली दोन, पापार्पण आणि दोषार्पण, आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहेत. पापार्पण हे नकळत घडलेल्या चुकीसाठी होते. हेतुपुरस्सर, उर्मटपणे केलेल्या अपराधाला अर्पणाची पळवाट नाही, असे 'गणना' या पुस्तकात स्पष्ट आहे. आणि गरिबाचे काय? मेंढी परवडत नसेल त्याने दोन कबुतरे आणावीत. तीही परवडत नसतील त्याने एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन लिटर मापाचे पीठ आणावे, त्यावर तेल किंवा धूपही नको. विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. मूठभर पिठानेही काम भागत असेल, तर रक्त हे त्या विधीचे मर्म कसे ठरेल?

दोषार्पणाचा नियम वाचताना माझ्यातला बँक कारकून जागा झाला. एखाद्याने दुसऱ्याची ठेव नाकारली, गहाण दाबून ठेवले, लुबाडले, सापडलेली वस्तू लपवली, तर काय करायचे? आधी मुद्दल परत करायचे आणि त्यावर पाचवा हिस्सा जादा द्यायचा. म्हणजे शंभर बुडवले तर एकशेवीस, आणि तेही ज्याचे बुडवले त्याच्या हातात. मग एडका घेऊन याजकाकडे जायचे. आपल्याकडे लोकांची सोसायटी बुडवून देवळाला सोन्याचा कळस चढवणारे महाभाग आहेत. त्यांना लेवीयाच्या कायद्यात जागा नव्हती.

जाता जाता एक गोष्ट. वर्तमानपत्रात 'बळीचा बकरा' हा शब्द आपण रोज वाचतो. इंग्रजीत त्यासाठी जो शब्द आहे तो लेवीयाच्या सोळाव्या अध्यायातून आला. तेथे बकरे दोन होते. एकाचा वध होई. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देत. इंग्रजी शब्द त्या दुसऱ्याचा, न कापलेल्याचा आहे!

हे सर्व सांगितले म्हणून ती पद्धत निर्दोष होती असे कोणी समजू नये. जनावर मरतच होते. आणि जेथे वेदी असते तेथे हळूहळू दुकान उभे राहते. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात त्यांच्याच संदेष्ट्यांनी यावर कोरडे ओढले. आमोस हा मेंढपाळ होता. तुमचे सण आणि अर्पणे नकोत, न्याय वाहू द्या, असे तो म्हणाला. यशयाने सांगितले की रक्ताने माखलेले हात जोडून उपयोग नाही. अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. हजारो एडक्यांनी देव प्रसन्न होईल का, असा प्रश्न मीखाने विचारला आणि उत्तर न्याय, दया व नम्रता असे दिले. होशेयही त्याच परंपरेतला.

पुढे इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मंदिराबाहेर बळी द्यायचा नाही हा नियम आधीच रुजलेला होता. त्यामुळे बळी थांबले. आता पापक्षालन कसे होणार, म्हणून लोक रडू लागले. तेव्हा योहानान बेन झक्काई या गुरूंनी होशेयचा आधार घेऊन सांगितले की परोपकाराची कृत्ये हेच आपले प्रायश्चित्त. अर्पणाची जागा प्रार्थनेने, अध्ययनाने आणि दानधर्माने घेतली.

याचा जिवंत नमुना पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या महाराष्ट्रात, कोकणात, बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज जहाज फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी. आडनावे दिवेकर, पेणकर, केहीमकर अशी गावांवरून आलेली. मुंबईत १७९६ साली त्यांनी आपले पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १९४८ नंतर बहुतेक लोक इस्रायलला गेले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

या समाजात नवस आहे, पण तो फेडण्याची रीत पाहा. तिला ते 'मलिदा' म्हणतात. भिजवलेले पोहे, खोवलेले ओले खोबरे, साखर किंवा गूळ, सुकामेवा, सोबत फळे. ताट मध्ये ठेवतात, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करतात, हिब्रूतून आशीर्वाद म्हणतात आणि जमलेल्या सर्वांना वाटून खातात. लग्नाआधी, नव्या घरात, संकट टळल्यावर मलिदा होतो. मला यात लेवीयातल्या अन्नार्पणाची आणि आभाराच्या जेवणाची आठवण होते. वेदी गेली, जनावर गेले, वाटून खाणे राहिले. (आपल्याकडे 'मलिदा' म्हटले की टेबलाखालचा पैसा आठवतो, तो भाग वेगळा.)

आता आपल्या घराकडे येऊ. दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. खाणुमत गावच्या कूटदंत ब्राह्मणाने यज्ञासाठी सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बकरे आणि सातशे मेंढे खांबाला बांधले होते. यज्ञ कसा करावा हे विचारायला तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला महाविजित राजाची कथा सांगितली. राज्यात चोऱ्या होत होत्या. पुरोहिताने सल्ला दिला की, शिक्षा करून चोर संपणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पोटापुरते वेतन द्या. तसे केल्यावर लोक दारे उघडी ठेवून राहू लागले. त्यानंतर यज्ञ झाला, तोही तूप, तेल, दही, मध यांचा. एक प्राणी मेला नाही, एक झाड तुटले नाही, एकाही मजुराला दरडावून, रडवून कामाला लावले नाही. मग कमी खर्चाचे आणि अधिक फळाचे यज्ञ तथागतांनी सांगितले : दान, विहार बांधणे, त्रिशरण, पंचशील. कूटदंताने सगळी जनावरे सोडून दिली.

इस्रायली संदेष्टे आणि तथागत एकच बोलले, असे मात्र मी म्हणणार नाही. संदेष्ट्यांचा देव शेवटपर्यंत देवच राहिला; त्यांनी त्याला काय आवडते ते बदलून सांगितले. तथागतांनी प्रसन्न करायला कोणी उरूच दिले नाही. फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे यज्ञाच्या आधी शेजाऱ्याचा हिशेब विचारला जातो, हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

आपल्या वऱ्हाडातच शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर जत्रेजत्रेत उभे राहून नवसाच्या बकऱ्याविरुद्ध कीर्तने केली. त्यांनी नुसते 'कापू नका' म्हटले नाही, धर्मशाळाही बांधल्या. आपण येथेच कमी पडतो. ज्या माउलीने तापाने फणफणलेल्या लेकरासाठी नवस बोलला, तिला आपण 'अंधश्रद्धाळू' म्हणतो आणि निघून येतो. तिच्या मनातली भीती तशीच राहते. लेकरू बरे झाल्याचा आनंद चार माणसांत वाटावा असे तिला वाटते, त्यात गैर काय आहे? तिने परित्राणपाठ ठेवावा, खीर करावी, वस्तीला बोलवावे. आणि बकऱ्याचे जे चार पैसे वाचतील त्यांतून एमआयडीसीत पाळी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी पुस्तके घ्यावीत. पोर आजारी असेल तेव्हा रात्री दवाखान्यात सोबत कोण जाणार, याची यादी मंडळाने करावी, असे माझे सुचवणे आहे. माझे नाव त्यात पहिले लिहावे.

विद्यार्थ्यांना काही विचारायचे असेल तर जरूर विचारावे. जय भीम.