टाळ्या पुरे, पुस्तक काढा

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरची मंडळी, आणि मांडवाच्या कडेला उन्हात बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

प्रास्ताविकात आत्ताच एक वाक्य आलं. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाला पहिल्या महिला अध्यक्ष लाभल्या, कवी अनिलांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे. त्यावर टाळ्याही पडल्या. मला त्याच वाक्याशी भांडायचं आहे.

पत्नी होत्या, खरंच आहे. अनिलही १९५८ साली मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. पण अनिलांची ओळख करून देताना 'कुसुमावतींचे पती' असं या मांडवात कुणी म्हणेल का? २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्ष अध्यक्ष झाल्या. मं. वि. राजाध्यक्षांना 'विजयाबाईंचे यजमान' म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

बरं, ते जाऊ द्या. १९६१ हे वर्ष साधं नव्हतं. मराठी राज्य जेमतेम वर्षाचं होतं. जुलैत पानशेतचं धरण फुटलं, डिसेंबरात गोवा सुटला. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची. पहिलं ग्रंथकार संमेलन १८७८ सालचं, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखालचं; म्हणजे एका बाईला त्या खुर्चीपर्यंत पोचायला त्र्याऐंशी वर्षं लागली. तीही पोचली महाराष्ट्राबाहेर, शिंद्यांच्या ग्वाल्हेरात. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कुसुमावतीबाई गेल्या, वयाच्या ५७व्या वर्षी.

आपण लक्षात काय ठेवलं? खुर्ची. आणि फार तर 'कुसुमानिल'. दोघांचा तरुणपणीचा पत्रव्यवहार १९७२ साली पुस्तकरूपात आला, तो लोकांनी आवडीनं वाचला. प्रेमपत्रं वाचायला कुणाला आवडत नाहीत? मलाही आवडली. पण याच बाईनं 'मराठी कादंबरी : पहिले शतक' लिहिलं, दोन भागांत. नागपूरला मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता शंभर वर्षांच्या मराठी कादंबरीचा हिशोब मांडायला ती बसली. हे काम कुणा प्राध्यापक पुरुषानं केलं असतं तर आपण त्याला आचार्य म्हटलं असतं आणि त्याच्या नावानं व्याख्यानमाला काढली असती.

कादंबरीची ही समीक्षा एका बाईनं करण्यात गंमतही आहे, तीही सांगते. आपली कादंबरी सुरूच झाली बाईच्या दुःखावर. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'त विधवांचे हाल आहेत. पुढे 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये हरिभाऊ आपट्यांनी नायिका यमूच्या तोंडूनच सगळी कहाणी सांगितली, आणि काय सांगितली! मात्र मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली बायकांच्या मनातलं लिहिलं, तेव्हा 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाआड लपावं लागलं. बाईचं दुःख पुरुषानं लिहिलं की थोरवी, बाईनं लिहिलं की गहजब. अशा कादंबरीच्या शतकाला तपासायला एक बाई बसली होती, ही साधी घटना नव्हे.

या गावच्या वाचनालयात परवा मी कुसुमावतीबाईंचा तो ग्रंथ मागितला. ग्रंथपालांनी शिडी लावली, वरच्या फळीवरून धूळ झटकत पहिला भाग काढून दिला. दुसरा सापडला नाही. आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर जांभळे शिक्के होते, शेवटचा इतका फिकट की साल लागेना. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पानं मात्र कोरी करकरीत! मी त्यांना दोष देत नाही. मागणारंच कुणी नसेल तर पुस्तक खाली येईल कसं?

आता महिला अध्यक्षांचा आकडा ऐका. कुसुमावतीबाईंनंतर कऱ्हाडला १९७५ साली दुर्गा भागवत. मग थेट १९९६, आळंदी, शान्ता शेळके. २००१ विजयाबाई. मग पुन्हा खंड, यवतमाळला २०१९ साली अरुणा ढेरे. आणि दिल्लीत २०२५ साली तारा भवाळकर. शंभरीला टेकलेल्या संमेलनांत सहा बायका! कुणी म्हणेल, त्या तोडीच्या बायका नव्हत्याच. १९९२ साली कोल्हापूरच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इंदिरा संत उभ्या होत्या आणि रमेश मंत्री निवडून आले. मंत्र्यांशी माझं वैर नाही, त्यांच्या विनोदावर मीही हसले आहे. पण 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' लिहिणाऱ्या कवयित्रीला त्या मतदारांनी मागे टाकलं, याचा जाब मी तोडीची भाषा करणाऱ्यांना विचारते.

आणि आजची कार्यक्रमपत्रिका पाहा. 'स्त्री-साहित्य : काल आणि आज', वेळ दुपारी दोन ते तीन. जेवणं उरकल्यावर, अर्धा मांडव डुलक्या घेत असताना. आधी पुरणपोळी वाढायची बायकांनी, मग रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलायचंही बायकांनीच! तो परिसंवाद उद्या सकाळी साडेदहाला घ्या. त्या वेळी लावलेलं पाहुण्या पुढाऱ्याचं मनोगत दोनला हलवा. ते जेवून येतीलच.

शेवटचं. ठराव क्रमांक चार आहे, 'पहिल्या महिला संमेलनाध्यक्षांचे हे संमेलन कृतज्ञतापूर्वक स्मरण करीत आहे.' अध्यक्ष म्हणून मी तो मांडू देणार नाही. त्याजागी हा घ्या : वाचनालयानं ग्रंथाचे दोन्ही भाग मिळवावेत, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या सभागृहात ते क्रमानं वाचले जावेत, कार्यकारिणीच्या सर्व सभासदांच्या उपस्थितीत. पुरुष सभासद धरून. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावेत आणि नावं सांगावीत, चिटणीस लिहून घेतील.