रायबंदरचे चर्च



वेरूळचे कैलास लेणे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. वरून खाली खडक कोरत देऊळ घडवले. तशीच ११ चर्चे इथिओपिया देशात, लालिबेला गावी, डोंगरात कोरलेली आहेत. ती ऑर्थोडॉक्स पंथाची. हे लोक जुने ख्रिस्ती, पण रोमच्या पोपचा हुकूम मानीत नाहीत.

तिथवर कोण जाणार! पण याच पंथाचे एक चर्च गोव्यात रायबंदरला आहे. ते आम्ही पाहून आलो. नरडाण्याहून निघालो, भुसावळला गाडी बदलली. पणजीहून मांडवीकाठच्या जुन्या दगडी पुलावरून रायबंदरला गेलो.

तेथे फादर अल्वारिस यांची समाधी आहे. त्यांचा जन्म १८३६ सालचा, वेर्णे गावचा. आधी ते कॅथलिक पाद्री होते. वरिष्ठांशी बिनसले. १८८९ साली केरळात कोट्टायमला ते ऑर्थोडॉक्स बिशप झाले. मग जुन्या पंथाने त्यांना वाळीत टाकले. वाळीत टाकणे काय असते, ते तुम्हांला सांगायला नको.

तरी त्यांनी लोकसेवा सोडली नाही. पटकीवरच्या उपचाराची पुस्तिका लिहिली. गोरगरिबांसाठी रस्त्यावर हात पसरला. १९२३ साली ते वारले, तेव्हा पणजीतच पुरले. अस्थी नंतर इकडे आणल्या.

आमच्यातला एक जण म्हणाला, “मास्तर, एवढा बिशप, अन् भीक मागितली?”

आम्ही म्हणालो, “सोतासाठी नाही ना, भाऊ!”

तो गप्प झाला. बाहेर पडताना त्याने दानपेटीत दहाची नोट टाकली.