आकडा की नाव?



विषय संगणकाचा आणि बोलणारा कामगार चळवळीतला, याचे आपणांस नवल वाटेल. पण आज मजुराची हजेरी, पगार, बँकेचे खाते सारे संगणकाच्या नोंदीत गेले आहे. तेव्हा त्या नोंदीचे कायदेकानू आम्हांस शिकणे भागच पडले.

एका संगणकाने दुसऱ्यास माहिती पाठवावयाची, ती पुष्कळदा ‘जेसन’ नावाच्या साध्या मजकुरात. त्या मजकुराच्या कोणत्या रकान्यात काय यावे हे ठरविणारा जो नमुना, तो ‘जेसन स्कीमा’. त्यात माहितीचे प्रकार सात: अक्षरे, संख्या, पूर्णांक, होय-नाही, यादी, रकान्यांची नोंद आणि रिक्त.

आता खातेक्रमांकाचा प्रकार कोणता? कोणीही म्हणेल, संख्या. घात होतो तो येथेच! ज्याची बेरीज-वजाबाकी करावयाची नाही ती संख्या नव्हे. ते नाव होय. ००४५१२ हा क्रमांक संख्या म्हणून लिहिला की आरंभीची शून्ये गळतात, ४५१२ उरतात, आणि घामाचा पैसा वाटेत अडकतो. म्हणून तेथे प्रकार ‘अक्षरे’ असाच हवा, आणि अंक किती हेही बांधून दिलेले हवे.

दुसरी गोष्ट. रकाना नमुन्यात आहे म्हणून तो भरणे सक्तीचे झाले, असे नव्हे. ‘आवश्यक’ रकान्यांच्या यादीत त्याचे नाव नसेल, तर मजुरीचा उल्लेखच नसलेली नोंदही बिनबोभाट पास होते.

तिसरी गोष्ट. मजुरी शून्याहून कमी नको, एवढेच लिहिले आणि प्रकार सांगितला नाही, तर त्या रकान्यात ‘नंतर पाहू’ ही अक्षरेही खुशाल बसतात! कारण तो नियम संख्येपुरताच लागू. अक्षरांना तो विचारीतच नाही.

हे तिन्ही दोष काढले तरी एक उरतेच. स्कीमा नोंदीचा आकार तपासतो, खरेपणा नव्हे. हातावर ३०० रुपये ठेवले आणि नोंदीत ५०० लिहिले, तरी तो म्हणणार, ठीक आहे. ते पकडावयास ज्याच्या हातावर पैसे पडले तो माणूसच पाहिजे.

म्हणून आमचे मागणे दोनच आहे: नमुना ठरतो त्या बैठकीत कामगारांचा प्रतिनिधी असावा, आणि भरलेल्या नोंदीची प्रत, वाचता येईल अशा मराठीत, कामगाराच्या हाती पडावी.