उद्योगपट्ट्यातील शाळा आणि शिक्षकांची उणीव
(भाषणाचा मजकूर)



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे भोसरी-चिंचवडच्या माळरानांचे रूप पालटले आणि उद्योगांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. कामगारामागोमाग त्याचे कुटुंब आले, कुटुंबाबरोबर शाळेच्या वयाचे मूल आले. शिक्षक मात्र त्या वेगाने आला नाही.

या उणिवेची कारणे शाळांतील मंडळी नेमकी सांगतात. पहिले कारण भरतीतील खंड. २०१२ नंतर शिक्षकभरती दीर्घकाळ रखडली. अभियोग्यता चाचण्या २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाल्या. सेवानिवृत्ती मात्र दर महिन्याला होतच राहिली. दुसरे कारण राहणीचा खर्च. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० रुपये झाले, हे खरे. पण कारखान्यांमुळे भाडी चढलेल्या गावात त्यात संसार बसवणे अवघड. म्हणून परगावचा शिक्षक स्वजिल्ह्यात बदलीची वाट पाहतो. तिसरे कारण निवडणूक, जनगणना यांसारखी कामे. कायद्याने ती शिक्षकाकडे आहेत. परंतु तेवढे दिवस वर्ग रिकामा राहतो.

तथापि उद्योगपट्ट्याचे खास दुखणे वेगळेच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मूल वर्षात केव्हाही आले तरी त्याला प्रवेश द्यावा लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी त्याला अडवता येत नाही. हे योग्यच आहे. मात्र पदांची संचमान्यता साधारणतः ३० सप्टेंबरच्या, आधार पडताळणी झालेल्या पटावर होते. त्या दिवशी ९० मुले असलेल्या प्राथमिक शाळेस कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ३ शिक्षक मिळतात. दिवाळीनंतर ३० मुले वाढली तर गरज ४ शिक्षकांची होते, आणि चौथे पद पुढील वर्षाच्या मोजणीपर्यंत कागदावरही येत नाही. मुले वर्षभर येतात, मोजणी एकाच दिवशी होते.

खेड तालुक्यात ही विसंगती ठळक दिसते. एका टोकाला चाकण, दुसऱ्या टोकाला भीमाशंकरचा डोंगराळ मुलूख. तालुक्याची सरासरी काढली की दाट आणि विरळ पट एकमेकांना झाकून टाकतात. डोंगरातला शिक्षक उचलून चाकणला आणणे हा उपाय नव्हे. त्याने एका मुलाचे नुकसान दुसऱ्याच्या पदरात पडते.

मग करावे काय? औद्योगिक गावांसाठी जानेवारीत पटाची दुसरी मोजणी व्हावी आणि वाढीव पटासाठी तात्पुरता शिक्षक मिळावा, ही शाळांची रास्त अपेक्षा आहे. ग्रामपंचायतीने भाड्याच्या चाळींतील मुलांची नोंद जून उजाडण्यापूर्वी करावी. शाळा व्यवस्थापन समितीने आधार नोंदणीचे शिबिर सप्टेंबरपूर्वी शाळेतच भरवावे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये सामाजिक दायित्वाचा निधी देणाऱ्या कारखान्यांना खोल्यांबरोबर शिक्षकांच्या निवासाचीही गरज सांगावी.

ज्यांच्या श्रमांवर ही उद्योगनगरी उभी आहे, त्यांच्या मुलांसमोर शिक्षक उभा असणे, हे तिच्या विकासाचे पहिले माप ठरावे.