राजाचा नगारा आणि वावरातली ओल

मृग लागला की आपण सगळ्याच घडीघडी आभाळाकडं पाहतो. कवींनीही पाहिलं आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहार’ या काव्यात सहा ऋतूंचे सहा सर्ग आहेत. दुसरा पावसाळ्याचा. तिथं पावसाळा राजासारखा थाटात येतो. पाण्यानं भरलेले ढग हे त्याचे माजलेले हत्ती, वीज ही पताका आणि गडगडाट हा नगारा.

आम्हां अमरावती-अकोल्याकडच्या बायांना ही उपमा नुसती गोड वाटत नाही, खरी वाटते. राजाच्या मर्जीवर प्रजेचं पोट, तसंच आपलं. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जास्तच. तिथं विहिरीचं पाणी खारं, पिकाला चालत नाही. वरून पडेल तेच गोडं.

पण नगारा वाजला म्हणजे राजा दारात आला, असं नाही. एक सर येते, मातीचा वास सुटतो आणि घरोघरी घाई होते, पेरून टाका! मग पावसानं दडी मारली की कोंब करपतात. दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आधी गहाण पडते ती बाईच्या गळ्यातली पोत.

म्हणून पेरायचं कधी, हे ठरताना आपणही बोललं पाहिजे. तिफनीमागं सरत्यावर आपण चालतो, मग निर्णयाच्या वेळी चुलीपाशी का? 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असं कृषी विभाग सांगतो. आपल्या मंडळात किती पडला, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. वावरात वीतभर उकरून ओल स्वतः पाहा.

‘रघुवंशा’त कालिदास दिलीप राजाबद्दल सांगतो, की तो कर घ्यायचा तो प्रजेच्याच भल्यासाठी, सूर्य पाणी शोषतो ते हजारपटीनं परत द्यायला, तसा. उन्हाळाभर आपल्या नाल्या-विहिरींनी हा कर भरलाच आहे. आता परत येईल ते वाहून जाऊ द्यायचं नाही. उताराला आडवी पेरणी करू, धुऱ्यावर गवत राखू, जमेल तिथं शेततळं घेऊ.

राजाचं स्वागत जरूर करू, बायांनो. पण ओटीत बी घ्यायचं ते नगारा ऐकून नाही, ओल पाहून. राम राम.