जुन्या नोंदींतील चुकांचा उलगडा

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाविद्यालयीन प्रवेश किंवा शासकीय सेवेतील निवड जवळ आली की अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या कागदांचा शोध सुरू होतो. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी वंशावळ मांडावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासाठी ठरावीक तारखांपूर्वीचे पुरावे पाहिले जातात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या त्या तारखा होत. कागद हाती येतात तेव्हा मात्र गोंधळ वाढतो. एका नोंदीत आजोबांचे वय जुळत नाही, दुसरीत आडनाव वेगळे असते, तिसरीत मुलाचे नावच नसते. अशा वेळी कागद खोटा ठरवून बाजूला ठेवण्याची घाई होते. वस्तुतः जुन्या नोंदीतील चूक बहुधा निष्कारण नसते. नोंद कोणी, कोणाला विचारून, कोणत्या लिपीत आणि कशासाठी केली, हे समजले की चुकीचे कारण सापडते आणि तोच कागद उपयोगी ठरतो.

जनगणनेत काय मिळते?

पुष्कळांना वाटते की जुन्या जनगणनेत आपल्या घराची नोंद सापडेल. भारतात 1872 मध्ये पहिली जनगणना झाली, परंतु ती सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना 17 फेब्रुवारी 1881 ची. हैदराबाद संस्थानात, म्हणजे आजच्या मराठवाड्यातही, जनगणनेचा आरंभ 1881 मध्येच झाला. या जनगणनांचे छापील अहवाल उपलब्ध आहेत, मात्र त्यांत जिल्हा, तालुका, धर्म, जात व व्यवसाय यांनुसार बेरजा आहेत. व्यक्तीचे नाव त्यांत नाही.

याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. 1901 पासून प्रत्येक व्यक्तीची माहिती मूळ तक्त्यावरून एकेका चिठ्ठीवर उतरविली जाई आणि चिठ्ठ्यांचे गट करून मोजणी होई. आकडे तयार झाले की चिठ्ठ्यांचे प्रयोजन संपे. शिवाय जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 15 नुसार जनगणनेचे अभिलेख पाहण्याचा अधिकार कोणासही नाही आणि, त्या अधिनियमाखालील खटले वगळता, त्यांतील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनंतर घरनिहाय तक्ते खुले होतात. इंग्लंड व वेल्सचे 1921 चे तक्ते 2022 मध्ये खुले झाले. अमेरिकेत ही मुदत 72 वर्षांची आहे. भारतात अशी तरतूद नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. 1951 च्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरील माहिती उतरवून नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार करण्यात आली. आसाममध्ये 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अद्ययावत यादीसाठी हीच नोंदवही आणि 24 मार्च 1971 पर्यंतच्या मतदार याद्या आधारभूत मानण्यात आल्या. महाराष्ट्रात कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात तपासावयाच्या अभिलेखांतही तिचा समावेश होता.

सारांश, जनगणनेचा आकडा समूहाविषयी सांगतो. व्यक्तीविषयी सांगतात ती गावातील दप्तरे: जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना 14, विदर्भातील कोतवाल बुक, शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, खासरा पत्रक व पाहणी पत्रक, हक्कनोंदी व फेरफार, खरेदीखते आणि दत्तकपत्रे. उलगडा करावयाचा तो या दप्तरांतील विसंगतींचा.

चुकांची कारणे

पहिले कारण वयाचे. जन्मतारीख लक्षात ठेवण्याची रीत नसलेल्या समाजात वय अंदाजाने सांगितले जाई आणि ते 30, 35, 40 अशा शून्य किंवा पाचाने संपणाऱ्या आकड्यांवर येऊन थांबे. लोकसंख्याशास्त्रात हा कल व्हिपल निर्देशांकाने मोजतात. त्यासाठी 23 ते 62 हा वयोगट घेतात. निर्देशांक 100 असेल तर असा कल नाही आणि 500 असेल तर सर्वांनीच वय शून्य किंवा पाचाने संपणारे सांगितले, असा अर्थ होतो. म्हणून जुन्या कागदावरील '40 वर्षे' याचा अर्थ 'चाळिशीच्या आसपास' असा घ्यावा. शाळेच्या दप्तरात अनेकांची जन्मतारीख 1 जून आढळते. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि प्रवेशासाठी वय बसावे म्हणून गुरुजी ती तारीख लिहीत. याउलट घरातील आठवण पुष्कळदा घटनेला बांधलेली असते: 1896-97 ची प्लेगची साथ, 1918 ची मानमोडी, सप्टेंबर 1948 ची हैदराबादमधील पोलीस कारवाई. 'मानमोडीच्या आदल्या वर्षी' ही आठवण नोंदीतील गोल आकड्यापेक्षा अधिक नेमकी असू शकते.

दुसरे कारण कालगणनेचे. शालिवाहन शकात 78 किंवा 79 मिळविल्यास इसवी सन येतो. फसली सनाबाबत अधिक सावध राहावे लागते. उत्तरेत, लखनौकडील जुन्या महसुली कागदांत, फसली सनात 592 किंवा 593 मिळवितात, तर दख्खनच्या फसलीत 590 किंवा 591. हैदराबाद संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 'आझुर' महिन्याने सुरू होई. त्यामुळे 1350 फसली म्हणजे ऑक्टोबर 1940 ते ऑक्टोबर 1941. उत्तरेचा नियम येथे लावला तर दोन वर्षांची चूक होते.

तिसरे कारण नावाचे. मुलाचे नाव बारशाला ठेवले जाते आणि जन्माची वर्दी बहुधा त्यापूर्वीच दिलेली असते. म्हणून जुन्या जन्मनोंदीत 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि वडिलांचे नाव एवढेच असते. आडनावही स्थिर नव्हते. वतनावरून पाटील, देशमुख किंवा कुलकर्णी, गावावरून 'कर' जोडलेले आणि मूळ कुळाचे, अशी तीन आडनावे एकाच घराण्याची निघतात. स्त्रियांचा माग काढणे सर्वांत कठीण, कारण माहेरचे व सासरचे नाव निराळे आणि पुष्कळदा नोंदीत नावच नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्या तयार होताना सुमारे 28 लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा तमक्याची मुलगी अशी ओळख दिली आणि त्यांची नावे वगळावी लागली. ही संख्या प्रामुख्याने उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान व विंध्य प्रदेशातील होती.

चौथे कारण लिपीचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद पाळला जात नाही आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. मराठवाड्यातील बरेच दप्तर उर्दूत आहे. मूळ मोडी किंवा उर्दू, त्यावरून देवनागरी नक्कल आणि त्यावरून टंकलिखित उतारा, अशा प्रत्येक पायरीवर अक्षर बदलू शकते. संक्षेपही फसवे असतात. 'कु.' हे अक्षर जातीच्या रकान्यात असेल तर एक अर्थ आणि नावाआधी असेल तर 'कुमार' किंवा 'कुमारी' असा दुसरा. म्हणून केवळ एका शब्दाची नव्हे, तर संपूर्ण पानाची प्रत घ्यावी. रकान्याचे शीर्षक आणि त्याच हाताच्या इतर नोंदी पाहिल्याशिवाय अर्थ निश्चित करू नये.

पाचवे कारण प्रशासकीय सीमांचे. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये अस्तित्वात आला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचा मोठा भाग कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, गेला. लातूरच्या गावाचे जुने दप्तर उस्मानाबादच्या नावाखाली शोधावे लागते. नोंद 'नाही' असे उत्तर मिळाले तर ती दुसऱ्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात आहे काय, हे आधी पाहावे.

एक उदाहरण

ही सर्व सूत्रे एकत्र कशी वापरावीत, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला आजोबांची जन्मनोंद हवी आहे. शाळेच्या दप्तरात आजोबांचे आडनाव पाटील, वडील गणपती आणि जन्मतारीख 1 जून 1942 अशी आहे. गावाच्या जन्म नोंदवहीत 'बहमन 1350 फसली, मुलगा, बापाचे नाव गणपती वल्द सखाराम मोरे' अशी नोंद आहे. मुलाचे नाव नाही.

1350 मध्ये 592 मिळविले तर 1942 येते आणि शाळेच्या नोंदीशी वर्ष जुळल्याचा आनंद होतो. पण तो आनंद खोटा आहे. दख्खनच्या गणनेने बहमन 1350 म्हणजे डिसेंबर 1940 च्या सुमाराचा काळ. मग हा मुलगा दुसराच कोणी होता काय? येथे तिसरा कागद लागतो. गणपतीच्या मृत्यूनंतर 1961 मध्ये झालेल्या वारसाच्या फेरफारात 'गणपती वल्द सखाराम मोरे ऊर्फ पाटील' असे लिहिले असून थोरल्या मुलाचे, म्हणजे या आजोबांचे, वय 20 दिले आहे. आडनावाचे कोडे सुटले आणि वयही 1940 च्या जन्माशी जुळले. 1 जून 1942 ही शाळेत अंदाजाने लिहिलेली तारीख ठरते.

तरीही दोन गोष्टी तपासावयाच्या राहतात. जवळच्या वर्षांत याच गणपतीच्या नावे दुसऱ्या मुलाची जन्मनोंद आहे काय आणि 1350 मधील मुलाची मृत्युनोंद आहे काय? एखादे मूल दगावल्यावर पुढच्या मुलास तेच नाव देण्याची रीत अनेक घरांत होती. दोन्ही उत्तरे नकारार्थी आली तरच निष्कर्ष पक्का मानावा. या पद्धतीचे सार असे की, दोन कागदांतील वाद तिसऱ्या, स्वतंत्रपणे तयार झालेल्या कागदाने मिटतो. एकाच मूळ नोंदीच्या तीन नकला म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

कागदाशी प्रामाणिकपणा

पडताळणीसंबंधीच्या महाराष्ट्राच्या 2000 च्या अधिनियमात जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकलेली आहे. खोटे प्रमाणपत्र मिळविल्यास लाभ काढून घेण्याची व शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणून जुन्या कागदावर अक्षर गिरविणे किंवा जुळेल तेवढाच उतारा सादर करणे आत्मघातकी ठरते. विसंगती लपविण्याऐवजी ती मांडून तिचे कारण सांगणारे टिपण कागदांसोबत जोडावे. ज्या नोंदीचे कारण सापडत नाही, ती तशीच 'अनिर्णित' म्हणून दाखवावी.

पुढील जनगणनेचा धडा

1931 च्या जनगणनेत 4,147 जाती नोंदल्या गेल्या होत्या. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातविषयक सर्वेक्षणात ही संख्या 46 लाखांहून अधिक भरली, असे केंद्र शासनाने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. महाराष्ट्रात अधिकृत याद्यांतील 494 जातींच्या जागी 4,28,677 नावे आली. जात, पोटजात, कुळ, आडनाव आणि त्यांची निरनिराळी लेखने एकाच रकान्यात उतरली की असे घडते. जून 2025 च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, 1 मार्च 2027 असा आहे आणि तीत जातीची नोंदही होणार आहे.

आपल्यापैकी काही जण उद्या तहसीलदार होतील, काही प्रगणक म्हणून दारोदार जातील, आणि उत्तर देणारे तर सर्वच असतील. पणजोबांच्या नोंदीत ज्या चुका आपल्याला वर्षभर हिंडवितात, त्या कोणी दुष्टपणे केलेल्या नव्हत्या. विचारणाऱ्याला घाई होती आणि सांगणाऱ्याला त्या नोंदीचे मोल ठाऊक नव्हते. आज ते मोल आपणांस ठाऊक आहे. म्हणून आपल्या हातून होणारी नोंद पूर्ण नावाची, नेमक्या तारखेची आणि स्पष्ट अक्षरांतील असावी, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी.